गोंदण आणि भाकरी



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने गोंदणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. गोंदण हा लोकगीते आणि लोकाचार यांचा अभ्यास करणाऱ्यांचा प्रांत. परंतु गेली काही वर्षे आमच्या कचेरीत एक नव्या तऱ्हेची तक्रार येऊ लागली आहे. काम येते, वय बसते, शिक्षण पुरते, आणि तरीही उमेदवाराला परत पाठवले जाते, कारण त्याच्या मनगटावर, मानेवर किंवा पंजाच्या पाठीवर गोंदलेले आहे. म्हणजे हा विषय आता भाकरीचा झाला आहे, आणि भाकरीचा झाला की तो आमचा झाला.

आज आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. अंगावरच्या खुणेकडे लोक बऱ्यावाईट नजरेने का पाहतात. नोकरीच्या दारात या खुणेचे काय होते. आणि त्याबाबतीत आपण काय करावे.

आपल्याकडे गोंदण ही काही नवी चाल नाही. आपल्या आज्यापणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर ते होते. कुणाच्या हातावर तुळस, कुणाच्या हातावर विंचू किंवा मोर, कुणाच्या हातावर भावाचे किंवा नवऱ्याचे नाव. भटक्या जमातीतली गोंदणारीण दारी येई, सुयांची जुडी आणि काजळाचा रंग घेऊन बसे, आणि मूठभर धान्यावर काम करून जाई. अंगावरचे सोने सावकार नेईल, चोर नेईल, मेल्यावर घरचे काढून घेतील. गोंदण मात्र देहाबरोबर जाते, अशी बायांची श्रद्धा होती. ज्यांच्याजवळ सोने नव्हते त्यांचा तो दागिना होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे गिरण्यांत कामाला आलेल्या पुरुषांनीही जत्रेत बसणाऱ्या गोंदणाऱ्याकडून दंडावर मारुती आणि मनगटावर आपले नाव गोंदवून घेतले. साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातावर काय लिहिले आहे, हे कोणा जॉबरने तपासल्याचे आम्ही जुन्या कामगारांच्या तोंडून कधी ऐकले नाही. त्याला हाताचा वेग हवा होता.

मग या खुणेची शंका कोठून आली? तिचे एक मूळ शोधायला सरकारी दफ्तरात जावे लागते. १७९७ साली कंपनी सरकारने बंगालमध्ये एक नियम केला. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याच्या शिक्षेचा तपशील गोंदावा, असा तो नियम होता. त्याला सरकारी भाषेतही ‘गोदना’ हाच शब्द होता. जी कला बायकांच्या हातावर तुळस काढत होती, तीच माणसाच्या कपाळावर शिक्षा लिहू लागली. कैदी पागोटे खाली ओढून ते अक्षर झाकू पाहत. ही पद्धत १८४९ साली कायद्याने बंद झाली. म्हणजे अर्धे शतक या देशात सरकार माणसाच्या कातडीचा कागद करीत होते.

कायदा गेला, पण ती वृत्ती लगेच जात नाही. १९९३ साली, स्वतंत्र भारतात, अमृतसरमध्ये पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलेल्या काही स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ हा शब्द गोंदला. खटला वर्षानुवर्षे चालला, आणि २०१६ साली संबंधित पोलिसांना न्यायालयाने शिक्षा सुनावली. आता विचार करा, तेवीस वर्षे त्या बायांनी कोणाच्या दारी काम मागितले असेल, आणि मागितले तर पदर किती खाली ओढून मागितले असेल. युरोपातही याच जातीचे उदाहरण आहे. ऑशविट्झच्या छळछावणीत १९४१ पासून कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदले गेले. तेथे आणलेल्यांपैकी ज्यांना सरळ मारायला नेले त्यांच्या अंगावर क्रमांक घालण्याची तसदी घेतली नाही. ज्यांच्याकडून आधी काम काढून घ्यायचे होते त्यांच्याच हातावर तो पडला. कामगाराला हजेरीचा क्रमांक असतो हे आम्ही जन्मभर पाहिले, पण माणूस म्हणजे केवळ क्रमांक, इतके उघड कोणी लिहिले नव्हते.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. १८८१ साली इंग्लंडचा एक राजपुत्र आरमाराच्या जहाजावरून जपानला गेला आणि तेथे त्याने हातावर अजगरासारखा एक राक्षसी प्राणी, ज्याला ते लोक ड्रॅगन म्हणतात, गोंदवून घेतला. हाच राजपुत्र पुढे पाचवा जॉर्ज झाला आणि १९११ साली दिल्लीच्या दरबारात आपला सम्राट म्हणून बसला. त्याच्या बाहीखाली तो ड्रॅगन होताच. कोणी म्हटले नाही की या गृहस्थाचे वर्तन संशयास्पद आहे! आजही तेच आहे. क्रिकेटच्या नामांकित खेळाडूचा दंड मनगटापर्यंत गोंदलेला असतो, आणि त्याच हातात वस्तू देऊन कंपन्या जाहिराती करतात. त्या वस्तू दुकानात विकणाऱ्या पोराच्या हातावर मात्र तसे गोंदण चालत नाही. तेव्हा तक्रार शाईची नाही. ती शाई कोणाच्या कातडीवर आहे, यावर तिचा अर्थ ठरतो.

खुणेचा अर्थ बाहेरच्यांनी ठरवला की खूण बाळगणाऱ्यांवर काय पाळी येते, याची आपल्याच देशातली दोन उदाहरणे आहेत. अरुणाचलातील आपातानी लोकांत बायकांच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक रेघ आणि हनुवटीवर काही रेघा गोंदण्याची चाल होती; पुरुषांच्या हनुवटीवरही खूण असे. मुले शिकायला आणि नोकरीला बाहेर पडली तेव्हा या खुणांमुळे त्यांना हिणवले जाऊ लागले. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्यातल्याच तरुणांनी पुढाकार घेऊन ही चाल बंद केली. आज ती खूण फक्त वयस्क माणसांच्या चेहऱ्यावर उरली आहे. दुसरे उदाहरण छत्तीसगडच्या रामनामींचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ज्यांना अस्पृश्य म्हणून देवळाच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांनी रामाचे नाव सगळ्या अंगावर गोंदवून घेतले. तुम्ही देवळाला कुलूप घाला, आमच्या कातडीला कसे घालाल, असा तो जबाब होता. त्यांचे नातू-पणतू आज कामासाठी दूरच्या शहरांत जातात आणि पुरे अंग गोंदवून घेत नाहीत. घेतलेच तर एखादी लहानशी खूण. जे सनातन्यांच्या धाकाने थांबले नाही, ते नोकरीच्या गरजेने थांबले. बाजाराचा धाक कधीकधी धर्माच्या धाकाहून जबर असतो तो असा.

आता नोकरीच्या दारात जाऊ. भारतीय सेनेच्या भरतीचा नियम असा आहे की, कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या अंगाला, आणि पंजाच्या पाठीवर चालेल. अन्यत्र चालणार नाही. आदिवासी जमातींच्या परंपरागत गोंदणाचा मात्र वेगळा विचार होतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम जरा निराळा आहे. तेथे गोंदण डाव्या हाताच्या आतल्या अंगावर किंवा पंजाच्या पाठीवर असावे, धार्मिक चिन्ह किंवा नाव असावे, आणि हाताच्या त्या भागाच्या चौथ्या हिश्शापेक्षा लहान असावे. डावाच हात का? तर उजव्या हाताने सलाम करायचा असतो. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका तरुणाचे प्रकरण आले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्याला उजव्या हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे नाकारले होते. ते काढून टाकण्याची खटपटही त्याने केली होती. या खुणेने कर्तव्यात अडथळा येत नाही, असे म्हणून न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. उलट दिशेचा दाखला ओडिशाचा आहे. २०२४ साली भुवनेश्वरच्या एका विशेष सुरक्षा दलातील शिपायांना गणवेशात दिसणारे गोंदण पंधरा दिवसांत काढून टाका, असा हुकूम निघाला.

पंधरा दिवसांत! हुकूम काढणाऱ्याने गोंदण म्हणजे काय हे समजून घ्यायला हवे होते. सुईने रंग वरच्या कातडीखालच्या थरात जातो. शरीरातल्या पेशी त्या रंगाचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली तर दुसरी तेच कण उचलते. म्हणूनच तो रंग जन्मभर राहतो. लेसरच्या झोताने हे कण फोडावे लागतात, आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. एका खेपेत हे होत नाही. खेपांमध्ये काही आठवडे थांबावे लागते, पैसा लागतो, आणि एवढे करूनही पुष्कळदा फिकट डाग उरतो. गोंदवायला जत्रेतली एक दुपार पुरते. पुसायला वर्ष जाते, आणि कमावत्या माणसाच्या कित्येक दिवसांची मजुरी.

सरकारी नोकरीत निदान नियम छापलेला असतो, आणि छापलेल्या नियमाशी भांडता येते. खाजगी नोकरीत तो व्यवस्थापकाच्या मनात असतो. हवाई कंपन्यांसारखे काही धंदे जाहिरातीतच सांगतात की गणवेशात दिसेल असे गोंदण नको. पण हॉटेल, दुकान, इस्पितळ, सुरक्षा रक्षक पुरवणारा ठेकेदार यांच्याकडे उमेदवाराला कारण सांगतच नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका मुलाची हकीकत सांगतो. रक्षकाच्या कामावर सहा महिने झाले होते, एकही खाडा नव्हता. त्याच्या पंजाच्या पाठीवर ‘आई’ अशी दोन अक्षरे होती. ज्या इमारतीवर तो उभा राही तेथील कोणा बड्या पाहुण्याला ती खटकली, आणि ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. आम्ही भेटायला गेलो. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ‘‘साहेब, मला काही नाही हो, पण गिऱ्हाइकाला गुंड वाटतो.’’ आम्ही विचारले, ‘‘गुंड हातावर ‘आई’ लिहितो काय?’’ त्याच्यापाशी उत्तर नव्हते, पण आमच्यापाशीही दाखवायला नियम नव्हता. शेवटी मुलाला रात्रपाळीच्या एका गोदामावर काम मिळाले, दिवसाच्या कामापेक्षा कमी पगारावर. तेथे त्याला पाहणारे कोणी नव्हते, हीच त्याची पात्रता ठरली.

आणि हे पाहा, ‘आई’ हे तरी निरुपद्रवी अक्षर. आपल्याकडे कितीएकांच्या हातावर ‘जयभीम’ गोंदलेले असते, कुणाच्या हातावर कुलदैवत असते, कुणाच्या हातावर आडनावासकट नाव असते. मुलाखत घेणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. जात, धर्म, गाव, सगळे टेबलावर पडलेल्या हातावरच वाचता येते. त्यानंतर नकार आला तर तो गोंदणाला आला की जातीला आला, हे कोण सिद्ध करणार? सरकारी नोकरीत जातिधर्मावरून भेद करू नये असे संविधानाचे सोळावे कलम सांगते. खाजगी कारखान्याच्या दारात त्याचा आधार पोहोचत नाही. गोंदणाचा नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो. पण ज्या समाजात गोंदण्याची चाल आहे, त्याच्यावरच तो पडतो.

मालकांची बाजू आम्ही ऐकली नाही असे नाही. ती तीन प्रकारची असते. पहिली, गिऱ्हाइकाला आवडत नाही. दुसरी, स्वच्छतेचा प्रश्न आहे. तिसरी, काही खुणा टोळ्यांच्या किंवा द्वेषाच्या असतात. तिसरे म्हणणे आम्हांला मान्य आहे. एखाद्याने दुसऱ्या समाजाला शिवी देणारे काही हातावर लिहून घेतले, तर त्याला लोकांसमोर उभे करू नये. त्याच्या शेजारी काम करणाऱ्यालाही मान आहे. दुसरे म्हणणे नुकत्याच गोंदलेल्या, न भरलेल्या जखमेपुरते खरे आहे. भरलेली कातडी जशी सगळ्यांची धुतली जाते तशी तीही धुतली जाते. राहिले पहिले म्हणणे. गिऱ्हाइकाची आवड हा जर नियम असेल, तर एके काळी गिऱ्हाइकाला विशिष्ट जातीच्या हातचे पाणीही चालत नव्हते. ती आवड आपण मोडली, आणि मोडली म्हणून हॉटेले बुडाली नाहीत.

या नियमांमागे खरे बळ कशाचे असते, हे अमेरिकेच्या सेनेने दाखवून दिले आहे. २०१४ साली तिने गोंदणाचे नियम कडक केले. २०१५ साली ते सैल केले. आणि २०२२ साली, भरतीला माणसे मिळेनात तेव्हा, प्रत्येक पंजावर इंचभर आणि मानेच्या मागे दोन इंचांपर्यंतचे गोंदण चालेल असे जाहीर केले. शिस्त तीच, शत्रू तेच, बंदूक तीच. बदलले काय? दाराबाहेरची रांग आखूड झाली. रांग लांब असते तेव्हा माणसाला नाकारायला केसाचे, बुटाचे, गोंदणाचे कारण सापडते. ही गोष्ट कामगाराने पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या देशात रांग लांब आहे, म्हणून आपल्याकडे चाळणी बारीक आहे.

परंतु केवळ रांगेनेच सर्व ठरते असेही नाही. लोकांनी आग्रह धरला तर नजर बदलते. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांत चेहऱ्यावर गोंदण्याची परंपरा आहे. बायकांच्या हनुवटीवर असते त्याला ‘मोको कौवाए’ म्हणतात. त्यात कुळाची हकीकत असते. तेथील मोठ्या विमान कंपनीने, एअर न्यूझीलंडने, दिसणाऱ्या गोंदणावरची बंदी २०१९ साली उठवली. २०२० साली हनुवटीवर अशी खूण असलेल्या नानाया महुता त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि २०२१ च्या अखेरीस अशीच खूण असलेल्या एका बाईंनी तेथील राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या मुख्य वेळेच्या बातम्या सांगितल्या. आपल्या आजीची हनुवटी आठवा, आणि तशी हनुवटी आपल्या बातम्यांत दिसते काय, हे स्वतःला विचारा.

जपानचा दाखला मात्र सावध करणारा आहे. २०१२ साली ओसाका शहराच्या महापौरांनी पालिकेच्या तीस हजारांवर नोकरांकडून लेखी उत्तर मागवले की, तुमच्या अंगावर गोंदण आहे काय, आणि कोठे आहे. निमित्त झाले एका नोकराने मुलांना गोंदण दाखवून धमकावल्याचे. शिक्षा त्या एकाला देऊन भागले असते; चौकशी हजारोंची झाली. काही नोकरांनी उत्तर द्यायला नकार दिला. त्यांच्या अंगावर गोंदण आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता, मालकाला ते विचारण्याचा अधिकार काय, हा होता. त्यांना ठपका मिळाला. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरवला. ते हरले, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न हरलेला नाही. आठ तासांसाठी मालक आपले श्रम विकत घेतो. त्या श्रमाबरोबर कातडी किती जाते?

आता काय करावे ते सांगतो.

तरुणांना प्रथम. गोंदू नका असे आम्ही सांगणार नाही. ज्याचे अंग, त्याची इच्छा. पण जग उद्या बदलेल या भरवशावर आजची भाकरी लावू नका. मान, चेहरा आणि पंजा या तीन जागा झाकता येत नाहीत. फौजेत किंवा पोलिसांत जायचे मनात असेल, तर गोंदवण्याआधी भरतीचा छापील नियम वाचा. जत्रेतला गोंदणारा तो सांगणार नाही. आणि सुई नवी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या, कारण जुन्या सुईने येणारा काविळीसारखा रोग लेसरनेही जात नाही.

मालकांना सांगणे एवढेच की, नियम करायचा तर लिहून करा, कामाशी संबंध दाखवून करा, आणि भरतीच्या आधी सांगा. कामावर असलेल्या माणसाला काल चाललेला हात आज चालत नाही असे म्हणू नका. फार तर बाही लांब द्या. तीही आपल्या खर्चाने.

आमच्या संघटनांनाही सांगायचे आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीच्या अटी लेखी असाव्यात आणि त्यांवर कामगारांचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क आपल्याला दिला होता. त्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात स्थायी आदेशांचे बंधन तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. आमच्या त्या रक्षकासारखी माणसे लहान ठेकेदारांकडे असतात, म्हणजे नेमकी या बंधनाच्या बाहेर. तेव्हा तेथे करारातच हे कलम घालून घ्यावे लागेल: अंगावरच्या खुणेवरून कोणाला काढू नये, आणि काढल्यास लेखी कारण द्यावे. पगारवाढीच्या मागण्यांच्या यादीत शेवटी एक ओळ वाढवायला काही खर्च लागत नाही.

आणि शेवटी आपल्याला, श्रोतेहो. ठेकेदाराचे ते वाक्य आपण ऐकलेत: ‘गिऱ्हाइकाला गुंड वाटतो.’ ते गिऱ्हाईक कोण? ते या सभागृहात बसलेले आपणच आहोत. नोकरीतून काढण्याचा हुकूम व्यवस्थापक लिहितो, पण त्याची शाई आपल्या नजरेची असते. घरी देवघराजवळच्या तसबिरीत आजीच्या कपाळावरचे गोंदण आपल्याला सोज्ज्वळ वाटते, आणि दारावरच्या पोराच्या हातावरचे भयंकर वाटते. उद्या इमारतीत शिरताना रक्षकाने दार उघडले, तर त्याच्या हातावर काय लिहिले आहे ते पाहण्याआधी तो हात काय करतो आहे ते पाहावे. एवढे झाले तरी काही घरांची चूल पेटती राहील.